आलं ठेचायची चकती

करंजवेळचा पाळणा घसरला तेव्हा त्याने कुणाचा जीव घेतला नाही. तेवढ्यापुरते त्याचे आभार मानायचे. बाकी त्याच्याबद्दल बरं बोलावं असं त्या दिवसानंतर फारसं काही उरलं नाही.

पाळणा हे लोकांनी ठेवलेलं नाव. समुद्र दरवर्षी थोडा थोडा वर चढत गेला, भरतीचं पाणी चुलीपर्यंत यायला लागलं, तेव्हा अख्खा कोळीवाडा उचलून वर सड्यावर, कड्याच्या माथ्यावरच्या पठारावर, वसवला गेला. माणसं वर नेता येतात, होड्या नेता येत नाहीत. घरं वर, जेटी खाली आणि मधे उभा कडा, असं होऊन बसलं. मग कड्याच्या अंगाने दातेरी रूळ टाकला आणि त्यावर विजेचा डबा बसवला. मासळीच्या टोपल्या, बर्फ, शाळेतली पोरं, गुडघे धरून बसलेल्या म्हाताऱ्या, सगळं त्यातूनच वरखाली व्हायला लागलं. जुनी पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, होती तिथेच होती. पण तिच्यावर आता शेळ्यांचंच राज्य होतं.

श्रावणात, नारळी पुनवेच्या आधी, बायका होड्या धुवायला खाली निघाल्या होत्या. डबा मध्यावर आला, ब्रेक लागला आणि थांबायच्या ऐवजी खरवडल्यासारखा आवाज करत खाली सुटला. आणीबाणीचा आकडा रुळाच्या दातात अडकला म्हणून निभावलं. चांगुणा दोरकुळकर या बाईचं मनगट मोडलं. बाकीच्यांना मुका मार.

पाळणा बांधणाऱ्या कंपनीचं नाव अभेद्य मटेरियल्स. अशा अपघातानंतर परवानाधारक तपासनीस इंजिनिअरची सही झाल्याशिवाय डबा पुन्हा सुरू करायचा नाही, असा कायदा. कंपनीने आपल्याच पगारावरच्या रेवा दोरकुळकरला पुण्याहून पाठवलं. ती धातूशास्त्रातली डॉक्टर, पण तिला निवडलं ते आडनावासाठी. ती करंजवेळची लेक आणि मनगट मोडलेल्या, माहेरीच राहिलेल्या चांगुणाची सख्खी भाची. घरच्या माणसाने सांगितलं की गाव ऐकतं, हे कंपनीला पक्कं ठाऊक होतं.

रेवाने वरच्या स्थानकात ओढून आणलेल्या डब्याखाली शिरून ब्रेकच्या तबकड्या पाहिल्या. त्या वज्रमिश्राच्या होत्या. हे वज्रमिश्र म्हणजे काय, ते इथेच सांगून टाकतो. ॲल्युमिनियम हलकं, पण मऊ. त्याच्या वितळलेल्या रसात सिलिकॉन कार्बाइडचे, म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल कठीण अशा चिनी मातीच्या जातीतल्या पदार्थाचे, बारीक कण घोटून मिसळायचे. थंड झालं की चिक्कीसारखं होतं: गुळाने दाणे धरून ठेवायचे आणि दाण्यांनी गुळाला कणखरपणा द्यायचा. पोलादाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं वजन आणि घासलं तरी सहजी न झिजणारं. डबा एवढा हलका होता म्हणूनच सड्यावरच्या सौर पत्र्यांच्या विजेवर तो चढत होता.

या तबकड्यांना मात्र देवी निघाल्यासारखे खड्डे पडले होते. आणि त्या खड्ड्यांच्या कडेला हळदीचा पिवळा डाग होता.

"आत्या, इथे नारळ फोडता तुम्ही?" तिने बाहेर येऊन विचारलं.

चांगुणा प्लॅस्टरमधला हात पोटाशी धरून उभी होती. "फोडनार नाय तर काय. नव्या होडीच्या नाळेवर फोडतो, तसा हिच्यावर फोडतो. दर मंगलवारी. ही बी आमची होडीच हाय, कड्यावर चालते एवढंच."

"आणि पाणी?"

"पानी चाकांवर शिंपडतो. मी शिंपडते. का गो?"

रेवा दमली होती, तिला उत्तर हवं होतं आणि उत्तर समोर पिवळंधमक दिसत होतं. नारळाच्या पाण्यात क्षार असतात, ते आंबलं की आम्ल होतं, आणि ॲल्युमिनियमच्या अंगावरचा संरक्षक थर अशाने फाटतो. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे येतं. ती बोलून गेली, "मग तुमच्या नारळानेच घात केलाय, आत्या."

हे ऐकायला कंपनीचे रणदिवे साहेब शेजारीच होते आणि त्यांच्यामागे निम्मं गाव होतं. चांगुणाने भाचीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, ती त्यातली नव्हती. "म्हंजे माझा हात मीच मोडून घेतला," एवढं म्हणून ती घराकडे चालायला लागली. त्या रात्री तिने रेवाला ताट वाढलं, पण शेजारी बसली नाही. तिच्या घरात हीच मोठी शिक्षा होती आणि रेवाला ती लहानपणापासून माहीत होती.

दुसऱ्या दिवशी रणदिवेंनी अहवालाचा मसुदाही आणून दिला. पूजेच्या पाण्यामुळे गंज, पूजा बंद, तबकड्या बदलून पाळणा पुनवेला सुरू. रेवाने तो वाचला. वाचताना तिला पटत होता. फक्त तो लिहून इतक्या लवकर तयार होता, हे पटत नव्हतं.

सही करण्याआधी नव्या तबकडीचा एक नमुना तपासायचा, ही तिची जुनी सवय. यंत्रघरात राखीव तबकड्या तेलकट कागदात गुंडाळून ठेवलेल्या होत्या. नारळ सोडा, त्यांना खाऱ्या वाऱ्याचीही गाठ पडली नव्हती. तिने एकीची कड कानशीने घासली आणि कीस सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायच्या आधी धुवायला म्हणून पिण्याच्या पाण्यात टाकला.

पाण्यात बुडबुडे यायला लागले.

आधी तिला वाटलं, किसासोबत हवा गेली असेल. तिने भांडं हलवलं. बुडबुडे थांबले नाहीत. मग तिने स्वतःच्या चहासाठी आणलेलं गरम पाणी त्यात ओतलं, तर सोड्याच्या बाटलीसारखं फसफसायला लागलं. रेवा तिथल्या उलट्या बादलीवर बसली आणि बराच वेळ त्या भांड्याकडे बघत राहिली.  हे काय आहे ते तिला बघताक्षणी कळलं होतं, आणि ते कुणी शिकवलं तेही आठवलं होतं.

वितळलेलं ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन कार्बाइड यांची मैत्री जपून लावावी लागते. रस फार तापवला, फार वेळ तापत ठेवला किंवा त्यात सिलिकॉन कमी पडलं, तर रस कणांनाच खायला लागतो आणि दोघांच्या सांध्यावर तिसराच पदार्थ तयार होतो, ॲल्युमिनियम कार्बाइड. सुईसारखा, ठिसूळ, आणि पाण्याचा जन्मजात वैरी. कोरडा असेपर्यंत तो गपगुमान बसतो. ओल लागली की विरघळतो आणि मिथेन वायू सोडतो. सांधा गेला की कण सुटतो. सुटलेला कण असतो तोच, हिऱ्याचा धाकटा भाऊ, पण आता तो तबकडीला राखत नाही, तिलाच किसतो. म्हणजे आधी गंज, गंजातून झीज आणि झिजेतून ताकदीचा निकाल.

मग कारखान्यातल्या चाचण्यांत हे का दिसलं नाही? कारण ताकद तपासली ती कोरडी. झीज तपासली तीही कोरडी. मिठाच्या फवाऱ्यात ठेवली ती न घासलेली, अंगावरचा थर शाबूत असलेली. प्रत्येक परीक्षेत पहिला नंबर. ओल आणि घासणं एकत्र नांदतात तेव्हा काय होतं, ते कुणी पाहिलंच नाही. मुलगा वेगळा पाहिला, मुलगी वेगळी पाहिली, पत्रिका जुळवली आणि संसार समुद्राकाठी थाटून दिला.

हळदीचा डाग खड्ड्यांपाशी होता, कारण खड्ड्यात हळद साठते. एवढी साधी गोष्ट तिला पहिल्या दिवशी सुचली नव्हती.

तिने डॉ. श्रीनिवास घारपुरे यांना फोन लावला. वज्रमिश्र घडवलं ते यांनी, आणि रेवालाही बऱ्याच अंशी यांनीच. करंजवेळहून आलेली, वर्गात तोंड न उघडणारी मुलगी त्यांनी भट्टीपाशी उभी केली होती आणि रस घोटायचा दांडा तिच्या हातात दिला होता. आता ते कंपनीचे सल्लागार होते आणि त्यांचा फोटो कंपनीच्या दारात लावलेला होता.

सगळं ऐकून ते म्हणाले, "कीस किती बारीक होता?"

"सर, कीस बारीक असो की जाड. कार्बाइड आहे की नाही, एवढंच सांगा."

 ते म्हणाले, "मागणी वाढली, रेवा. सावकाश घोटायला त्यांना सवड नव्हती. रस जास्त तापवला की कण लवकर मिसळतात. मी हरकत घेतली होती."

"घेतली होती. मग?"

"मग काय. चाचण्या उत्तीर्ण झाल्या. पुढची खेप सुधारू म्हणाले, सुधारतीलही. तू आत्ता नारळाचं पाणी लिही. ते अगदीच खोटं नाही. त्यानेही थोडा गंज येतोच."

"थोडा येतो. डबा घसरत नाही."

"तुझ्या एका अहवालाने हे सगळं शास्त्रच बदनाम होईल. लोक म्हणतील, वज्रमिश्र वाईट. माझं अख्खं आयुष्य आहे त्यात. तुझंही."

रेवाला रडू आलं ते रागाचं की दुःखाचं, तिचं तिलाच सांगता आलं नसतं. "सर," ती म्हणाली, "तुम्ही मला शिकवलंत की घाई केली की धातू रुसतो. तो रुसलाय. आणि त्याच्यावर माझी आत्या बसते." आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा फोन आधी ठेवला.

एवढं झाल्यावर गाव तरी तिच्या बाजूने उभं राहील, असं तिला वाटलं होतं. गावाचं म्हणणं निराळंच निघालं. पुनव तोंडावर आलेली, होड्या सुटायच्या, मासळी वर यायची. पाळणा बंद म्हणजे सगळं डोक्यावरून, पाखाडीने. रणदिवेंनी सरपंचांना सांगून ठेवलं होतं की पूजा सोडा, नव्या तबकड्या लगेच बसवतो. मंडळींना सौदा पटला. "नारळ काय, खाली वाळूत फोडू," असं ज्याच्या त्याच्या तोंडी होतं. आणि ही शिकलेली पोर म्हणत होती की नव्या तबकड्याही त्याच भट्टीतल्या.

"तूच बोललीस ना नारलाने झाला म्हनून?" एकाने तिला वाटेत अडवून विचारलं. "आता गो तुझाच सबूद फिरवतेस?"

"फिरवते. चुकलं होतं माझं," रेवा म्हणाली. तो वाटेतून बाजूला झाला. चूक कबूल करणाऱ्याशी भांडावं कसं, हे कुणालाच येत नाही.

घरी आल्यावर तिने आत्यालाही तेच सांगितलं. चांगुणा डाव्या हाताने, धडपडत, चहासाठी आलं ठेचत होती. ठेचायला ती नेहमीचीच चकती होती, मुठीत मावेल एवढी जाड, राखाडी रंगाची. कॉलेजच्या भट्टीतून निघालेल्या पहिल्या ओतीव कांबीचे सरांनी तुकडे केले होते आणि घोटणाऱ्या प्रत्येकाला एकेक दिला होता. रेवाने आपला तुकडा कौतुकाने आत्याला आणून दिला, आणि आत्याने त्याचा खरा उपयोग शोधून काढला. तेव्हापासून ती चकती रोज ओली होत होती; आलं, मीठ, कोकम, लसूण, सगळं तिने अंगावर घेतलं होतं.

रेवाने ती हातात घेऊन उजेडात फिरवली. एकही खड्डा नव्हता.

"आत्या, ही मला उद्यापुरती दे."

"नाय म्हनत नाय. पर आलं कशानं ठेचू?"

"पाट्यावर ठेच. एक दिवस."

 मग चांगुणा त्या रात्रीनंतर पहिल्यांदा तिच्या शेजारी बसली. "गाव नको बोलते, साहेब नको बोलतो. तू एकलीच कशाला नडतेस, बाय?"

"त्या डब्यात तू बसतेस म्हणून."

"मी नसते बसत तर?"

रेवाने क्षणभर विचार केला. "तरी नडले असते. पण आवाज एवढा चढला नसता."

पुनवेच्या आदल्या दिवशी वरच्या स्थानकात बैठक ठरली. रणदिवेंनी पुण्याहून घारपुरे सरांना मुद्दाम आणलं होतं. त्यांच्यापाशीही परवाना होता. रेवा नाही म्हणाली तर सही ते करणार होते. सर थकलेले दिसत होते. त्यांनी रेवाकडे पाहिलं आणि नजर फिरवली.

रणदिवेंनी भाषण नेटकं केलं. परंपरेचा आदर, विज्ञानाची दृष्टी, सगळं त्यात होतं. "प्रश्न एवढाच आहे," ते म्हणाले, "की आम्लयुक्त द्रव्यं यंत्रावर ओतू नयेत. मॅडमनीही पहिल्याच दिवशी हेच निदान केलं होतं."

"केलं होतं. चुकीचं केलं होतं," रेवा उठून म्हणाली. "आता बरोबर करते."

तिने टेबलावर काचेचे दोन पेले ठेवले आणि दोन्हींत रणदिवेंच्याच थर्मासमधलं गरम पाणी ओतलं. मग कागदातली कोरी तबकडी सगळ्यांसमोर सोडली, कानशीने घासली आणि कीस पहिल्या पेल्यात टाकला. पाणी फसफसायला लागलं. पुढच्या रांगेतल्या बायका उठून उभ्या राहिल्या.

"यात नारळ नाही, हळद नाही, मीठही नाही. साहेब पितात तेच पाणी आहे."

"गरम पाण्यात कुठलंही ॲल्युमिनियम थोडा वायू सोडतं," रणदिवे म्हणाले. माणूस अगदीच अडाणी नव्हता. "हायड्रोजन. त्यात विशेष काही नाही."

"म्हणूनच दुसरा पेला," असं म्हणून रेवाने पिशवीतून चकती काढली. तिला आल्याचा वास येत होता. घारपुरे सरांनी ती ओळखली. त्यांचा हात टेबलावर आपोआप पुढे आला आणि मागे गेला. "हेही वज्रमिश्रच. तेच ॲल्युमिनियम, तेच कण. फक्त हे सरांनी घोटलं होतं. दिवसभर, मंद आचेवर, कण आधी वेगळे भाजून घेऊन. मी समोर होते."

तिने त्याच कानशीचा दुसरा, कोरा भाग वापरून चकती घासली. कीस पेल्यात पडला आणि तळाशी जाऊन बसला. इकडचा पेला उकळल्यासारखा करत होता आणि तिकडचा निवांत होता. तिने पहिल्या पेल्यावर एक नळी पालथी धरली, वायू साठू दिला आणि तोंडाशी काडी ओढली. निळसर ज्योत क्षणभर दिसली आणि विझली. 

"वज्रमिश्र वाईट नाही," रेवा म्हणाली, आणि हे ती गावाला सांगत नव्हती. "घाई वाईट आहे. ही तबकडी दमट हवेत घासली गेली की आतून सुटत जाणार. पूजा करा, नका करू. इथेच नाही, जिथे जिथे ही खेप गेली आहे तिथे तिथे. मी सही करणार नाही, आणि हा प्रयोग मी त्या सगळ्या गावांना पाठवलाय. पेला आणि कानस कुणाकडेही असते."

रणदिवेंचा चेहरा उतरला, पण आवाज नाही. "मॅडम, तुमची नोकरी आमच्याकडे आहे, हे विसरताय. आणि तुमची सही नसली तरी चालेल." त्यांनी कागद सरांपुढे सरकवला. "सर."

घारपुरे सरांनी खिशातून पेन काढलं. टोपण उघडलं.  रेवाला ओरडावंसं वाटलं, पाया पडावंसंही वाटलं. तिने दोन्ही केलं नाही.

"करा सही, सर," ती म्हणाली. "मी अडवणार नाही. मात्र उद्या पहिल्या फेरीला माझ्या आत्याशेजारी बसा. तिचा उजवा हात मोडलाय, धरायला कुणीतरी लागेल."

सर कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी तो ओलांडून हात पुढे केला, चकती उचलली आणि अंगठ्याने तिची कड चाचपली, जशी पूर्वी भट्टीपाशी चाचपायचे. "यावर काय ठेचता?" त्यांनी विचारलं.

"आलं," चांगुणा मागून म्हणाली.

त्यांनी मान हलवली. पेनाचं टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं. रणदिवेंनी पुन्हा "सर" म्हणून पाहिलं, पण सर खिडकीबाहेर समुद्राकडे बघत होते.

पुनवेच्या सकाळी पाळणा कुलपात होता. रेवाची नोकरी रात्रीतूनच गेली होती; तसा निरोप आला तेव्हा ती कोळंबी सोलत होती आणि तिने हात धुवायचेही कष्ट घेतले नाहीत. गावातले निम्मे लोक तिच्यावर अजून चिडलेले होते. त्यांची चीडही खोटी नव्हती, कारण पाखाडी खरोखरच मोडकी, शेवाळलेली आणि छाती फोडणारी होती.

बायका टोपल्या घेऊन पाखाडीच्या तोंडाशी जमल्या आणि थांबल्या. पहिली पायरी कोण उतरतं याची जी ती वाट बघत होती. चांगुणा नवं लुगडं नेसून आली. ती पाखाडीकडे न जाता कुलूपबंद डब्यापाशी गेली, डाव्या हाताने नारळ उचलला आणि नेहमीच्या जागी, उंबऱ्यावर, आपटला. पहिल्या फटक्यात फुटला नाही. दुसऱ्यात फुटला. मग तिने वाकून वाटीतलं सगळं पाणी, एक थेंबही न राखता, त्या खड्डे पडलेल्या तबकडीवर ओतलं.

"घे," ती डब्याला म्हणाली. "माझ्या नारलावर तुझा ठपका ठेवला होता ना? आता पी पोटभर. चांगला धातू घालून येशील तवा परत फोडीन."

तिने खोबऱ्याचा तुकडा काढून रेवाच्या हातावर ठेवला, पदर खोचला आणि पाखाडीची पहिली पायरी उतरली. तिचे गुडघे कुरकुरलेले वर उभ्या असलेल्यांनाही ऐकू आले. रेवाने खोबरं तोंडात टाकलं, आत्याची टोपली स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि तिच्या मागोमाग उतरायला लागली. वळणावर पोचल्यावर तिने वर पाहिलं, तर एकेक करून बाकीच्या बायकाही उतरत होत्या, शिव्या देत.